घडीमावशींना दहापैकी चार

मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईने स्वतःला अगदी गरीब गाय करून दाखवलं. घरात मी नुसतं "अहो" म्हटलं तरी आमचे हे पेपर खाली ठेवतात. हॉस्पिटलात तर माझ्या चपलांचा आवाज आला की कॉरिडॉरमधल्या गप्पा थांबायच्या आणि ज्याला त्याला हात धुवायची आठवण व्हायची. एकोणीस वर्षं नर्स म्हणून काढल्यावर मला संसर्ग नियंत्रणाची सिस्टर केलं होतं. एक रोग बरा करायला आलेल्या माणसाला हॉस्पिटलातूनच दुसरा चिकटू नये, हे बघायचं काम. पाठीमागे मला सगळे टॉर्चबाई म्हणायचे. मला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, आवडायचंही.

टॉर्चचं असं आहे. जागा स्वच्छ आहे की नाही हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. चकचकीत दिसणाऱ्या कठड्यावरही जंतू सुखाने नांदत असतात. म्हणून आमच्याकडे एक जेल होतं. वाळलं की ते अजिबात दिसायचं नाही. आदल्या दिवशी मी प्रत्येक खोलीत दहा ठिकाणी त्याचा वाटाण्याएवढा गोल ठिपका लावून ठेवायची. पलंगाचा कठडा, नर्सला बोलवायची बेल, दिव्याचं बटण, जेवणाचं सरकतं टेबल, दाराची मूठ, सलाइनचा स्टँड, नळ, अशा जागा, जिथे येणाऱ्याजाणाऱ्याचा हात पडतोच. कुठे लावलाय ते सफाईवाल्यांना सांगायचं नाही. दुसऱ्या दिवशी सफाई झाली की खोलीत अंधार करायचा आणि निळा टॉर्च मारायचा. नीट पुसलं असेल तर काहीच दिसत नाही. पुसलंच नसेल तर ठिपका चमकतो. आणि नुसता फरकटलेला डाग चमकला, तर वरवर फडकं फिरवलं असं धरायचं, गुण शून्य. दहापैकी किती ते वहीत लिहायचं आणि महिन्याच्या सभेत साहेबांपुढे ठेवायचं. साहेब म्हणजे आमचे अधीक्षक.

चौथ्या मजल्यावर भाजलेल्यांचा वॉर्ड होता आणि तिथली सफाई घडीमावशींकडे होती.

सफाईवाल्या बायकांना आमच्याकडे सगळे मावशीच म्हणतात, पण ह्यांना घडीमावशी म्हणायचं कारण त्यांचं फडकं. फडकं त्या हातरुमालासारखं चौघडी करायच्या. चार चौकोन, उलटसुलट मिळून आठ. एका चौकोनाने एकच जागा पुसायची. मग घडी फिरवायची, कोरा चौकोन वर आणायचा, पुढची जागा. आठ झाले की फडकं बादलीत आणि नवं हातात. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी कामाला लागल्या तेव्हा एका म्हाताऱ्या पेशंटने विचारलं होतं म्हणे, "बाई, शेजारच्याची घाण माझ्या पलंगाला का पुसतेस?" तेव्हापासून ही घडी. आम्ही प्रशिक्षणात हीच गोष्ट चित्रं काढून शिकवायला लागलो, त्याला चार वर्षंही झाली नव्हती.

अंगाने एवढ्याशा, पण तोंड असं की विचारू नका. एकदा मोठे सर्जन राउंडला आले आणि बोलता बोलता पेशंटच्या टेबलावर टेकले. मावशी मागे येऊन उभ्या.

"डॉक्टर, जरा उठता का? आत्ताच पुसलंय."

सर्जन उठले. मावशींनी घडी फिरवली, तेवढी जागा परत पुसली आणि म्हणाल्या, "बसायचं असेल तर ते स्टूल आहे. ते अजून पुसायचंय."

सगळा वॉर्ड खाली मान घालून हसत होता. सर्जनही हसले, दुसरा इलाज नव्हता. मावशींच्या वॉर्डाला कायम नऊ, नाहीतर दहा. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक लेक ह्या कामावर वाढवलेली. दुसरं काही आपल्याला येत नाही, पण हे येतं, असं त्या स्वतःच सांगायच्या आणि त्यात फुशारकी नसायची.

आता माझ्या गुडघ्याची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं पाणी तिथूनच मुरलं.

भाजलेल्यांच्या वॉर्डात सकाळी ड्रेसिंग चालतं. ते आटोपल्यावर सफाई, म्हणून तिथली तपासणी दुपारी बारालाच करता यायची; खालच्या मजल्यांची सकाळीच उरकलेली असायची. मी लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर जायची, तिथली तपासणी करायची, मग उद्यासाठीचे ठिपके लावत एकेक मजला खाली उतरायची. त्या वर्षी लिफ्ट बदलायला काढली. चालू होती ती फक्त स्ट्रेचरची, तिच्यात आम्हाला मज्जाव. माझा उजवा गुडघा तेव्हा असा धरायचा की चार मजले एका दमात चढणं म्हणजे डोळ्यांपुढे काजवे. मग मी युक्ती केली. पहिल्या मजल्यावर ठिपके लावायचे, जरा टेकायचं. दुसऱ्यावर लावायचे, टेकायचं. तिसऱ्यावरही तेच. असं करत करत चौथ्यावर पोचायचं आणि तिथे तपासणी करायची. काम तेवढंच, नुसता क्रम उलटा. मी स्वतःवर खूश होते.

त्याच आठवड्यात मावशींचे गुण सहावर आले. मग पाच. मग चार.

पहिल्यांदा मी नीट विचारलं. "मावशी, काय होतंय? घरी काही आहे का?"

"नाही हो सिस्टर. रोजच्यासारखंच पुसते."

"मग कठडा राहतो, बेल राहते, बटण राहतं, टेबल, मूठ. रोज ह्याच जागा. स्टँड आणि नळ मात्र चकचकीत. म्हणजे जिथे वाकायला नको तिथे बरोबर पुसता."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सगळं दोनदा पुसायला सुरुवात केली. मग तीनदा. औषधाच्या पाण्याने त्यांच्या बोटांची सालं निघायला लागली. गुण चारच. मला वाटलं, वय झालं, अंगात आळस शिरला, आता नाटकं चाललीत. एकदा त्या म्हणाल्या, "सिस्टर, तो टॉर्च एकदा तपासून घ्या ना." मी भर वॉर्डात म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं!" असं बोलायला मला विचार करावा लागत नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला.

त्याच दिवसांत चार नंबरच्या खोलीत एक सुतारकाका होते. कारखान्यात पॉलिशच्या डब्याने पेट घेतला आणि पाठ, दोन्ही हात भाजलेले. पालथे पडून पडून कंटाळायचे. मावशी पुसता पुसता त्यांच्याशी बोलायच्या. ते म्हणायचे, "मावशी, हे टेबल कुणी केलंय, एक पाय आखूड आहे. मला बरं होऊ द्या, मी सरळ करतो." मावशी म्हणायच्या, "तोवर मी कागदाची घडी घालून ठेवते." आणि खरंच ठेवली होती. सोळाव्या दिवशी सुतारकाकांना ताप भरला, जखमांतून जंतू रक्तात गेले आणि अठराव्या दिवशी ते गेले.

साहेबांनी मला बोलावलं. "असं कसं झालं?" मी वही उघडून पुढे ठेवली. चार, पाच, चार, चार. साहेबांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सभा तिथेच घ्या. सगळ्यांना कळू दे."

चार नंबरची खोली धुऊन पुसून रिकामी झाली होती. पडदे ओढले. साहेब, वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर आणि चारही मजल्यांवरचे सफाईवाले, वीसेक माणसं दाटीवाटीने उभी. मी तीन मजले ठिपके लावत वर आले होते, धापा टाकत, पण आवाज खणखणीत होता.

"हातच्या काकणाला आरसा कशाला," मी म्हणाले. "स्वतःच बघा."

मी बटण दाबून दिवा बंद केला. कठडा धरून वाकले. टेबल जवळ ओढलं. बेल उलटी करून धरली. मग टॉर्च मारला. कठड्यावर निळसर फराटा. टेबलाच्या कडेला, बेलवर, बटणावर. अंधारात कुणीतरी "बाप रे" म्हणालं.

मावशी पुढे आल्या. त्या वाकल्या, कठड्याला नाक लागेल इतक्या. म्हणाल्या, "सिस्टर, ठिपका गोल असतो ना? हे तर बोटांसारखं आहे. ही चार बोटं. आणि हा इकडे अंगठा."

"मग बोटंच आहेत," मी म्हणाले. "फडक्याऐवजी बोटं फिरवली की बोटंच दिसणार. तुमची नाहीत तर कुणाची? माझी?"

माणसं हसली. मला बरं वाटलं. आणि त्या हसण्याच्या जोरावर मी पुढचं वाक्य बोलले. "हसू नका. ह्या सफाईने ह्याच पलंगावरचा माणूस गेलाय."

दिवा लावला तेव्हा मावशी स्वतःच्या तळहातांकडे बघत होत्या. मग त्यांनी ते ॲप्रनला पुसले आणि पाठीमागे नेले. शाळेत मार खायला नको म्हणून मुलं नेतात तसे. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तयारीतच होते. पण सर्जनला टेबलावरून उठवणारी ती बाई एक अक्षर बोलली नाही. त्यांचं काम कंत्राटावरचं होतं, महिनाअखेरीला ते पुढे वाढवलं नाही. शेवटच्या दिवशी इन्चार्जना फडकी मोजून देऊन त्या गेल्या. माझ्या खोलीपुढूनच गेल्या असणार. मी वर पाहिलं नाही.

त्यांच्या जागी एक नवी मुलगी आली. तिलाही चार. मी म्हणाले, नवी आहे, शिकेल.

आठ दिवसांनी नव्या नर्सेसची तुकडी आली. त्यांना हात धुवायला शिकवायचा तास माझ्याकडे असतो. माझा लाडका खेळ तो. सगळ्यांच्या हातांना जेल लावायचं, धुऊन यायला सांगायचं, मग टॉर्चखाली त्यांची नखं चमकतात आणि पोरी किंचाळतात. सुरुवातीला मी आपले हात दाखवते. स्वच्छ हात कसे दिसतात, ते. त्या दिवशी मी ठिपके लावायचं काम अर्ध्यावर सोडून तासाला आले होते. पडदे ओढले, ऐटीत दोन्ही पंजे पुढे केले, म्हणाले, "हे बघा स्वच्छ हात," आणि टॉर्च लावला.

माझे हात चमकत होते. अंगठा, चारही बोटं, नखांच्या कडा, घड्याळाचा पट्टा. मी टॉर्च खाली केला तर ॲप्रनचा खिसा. चष्म्याची काडीसुद्धा, समोरच्या मुलीने दाखवली. हसायचा फवारा उडाला. एक जण म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मुद्दाम लावून आलात ना!"

मी म्हणाले, "हो. मग! अशी फसगत होते."

तास मी कसा संपवला मला आठवत नाही. मागच्या बेसिनपाशी जाऊन दार लावलं. खिशातून जेलची ट्यूब काढली. तिची शेपटीकडची शिवण उसवली होती. कधीपासून, देव जाणे. त्याच खिशात टॉर्च, त्याच खिशात माझा हात. ठिपके लावून झाले की हातमोजे काढायचे आणि सॅनिटायझरचे दोन थेंब चोळायचे, एवढंच मी करत होते. त्याने जेल जात नाही, पसरतं. साबणाने धुवावं लागतं. बेसिनवर माझंच पोस्टर होतं, हात धुवायच्या सात पायऱ्या, खाली माझी सही.

मी हात धुतले, चष्मा, पट्टा धुतला, ॲप्रन बदलला, टॉर्च पुसला आणि गुडघ्याची पर्वा न करता थेट चौथ्या मजल्यावर गेले. नव्या मुलीची सफाई झाली होती. टॉर्च मारला. दहापैकी नऊ. मग पिशवीत घालून आणलेली ती फुटकी ट्यूब चाचपली, दोन थेंब सॅनिटायझर चोळलं आणि रोजच्यासारखा कठडा धरून वाकले. चार बोटं. आणि इकडे अंगठा. अंधार करायला बटण मीच दाबत होते, बघायला बेल मीच उलटी करत होते, दार मीच उघडत होते. जिथे माझा हात लागायचा तिथे चमकायचं, स्टँडला आणि नळाला मी हात लावायचीच नाही. मावशींनी सगळं पुसलेलं असायचं. तीन तीनदा. आणि मागून मी येऊन घाण करून जायची, ती घाण त्यांना दाखवायची आणि वहीत लिहायची.

दिव्याखाली अंधार म्हणतात, पण इथे तर दिवा धरणारीच मी. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी चार नंबरच्या खोलीत शब्दशः मागितलं.

तुम्हाला वाटेल, मग लगेच साहेबांकडे गेले असेन. नाही गेले. मी काय केलं सांगू? ट्यूब गुपचूप फेकली, नवी काढली. तपासणी आधी, ठिपके नंतर, असा क्रम लावला आणि कुणाला कारण सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, दोन दिवसांनी सांगू. साहेब जरा मोकळे झाले की सांगू. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून, ही म्हण कुणीतरी माझंच माप घेऊन शिवली होती.

आणि त्याचं फळ बघा. हात स्वच्छ झाल्यावर चौथ्या मजल्याचे गुण एकदम दहावर गेले. पुढच्या सभेत साहेबांनी वही उंच धरली. "एक माणूस बदलला, आणि बघा! ह्याला म्हणतात निर्णय. सिस्टरांचं कौतुक करायला हवं." टाळ्या झाल्या. माझी चूक मी जितकी सुधारत होते तितक्या मावशी सगळ्यांच्या नजरेत जास्त गुन्हेगार ठरत होत्या. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोराला हार. मी हसले. हात जोडले. हेही लिहितेय, कारण मी हसले होते.

सभेनंतर इन्चार्ज सिस्टर माझ्याबरोबर जिना उतरत होत्या. म्हणाल्या, "घडीमावशी भेटल्या होत्या परवा. शाळेत सफाईचं काम होतं, मी सुचवलं. नको म्हणाल्या. म्हणे, माझ्या हातात आता सफाई राहिली नाही. सुतारकाका माझ्या हाताने गेले."

मी कठडा धरून जिन्यातच उभी राहिले. गुडघ्याचं निमित्त बरं होतं. त्या ओरडतायत, मला शिव्याशाप देतायत, असं मी रोज मनात बघत होते, आणि तिथे त्यांनी माझा शब्द खरा मानला होता!

मग मी पत्र लिहिलं. "मापनात तांत्रिक त्रुटी आढळून आल्याने संबंधित कर्मचाऱ्यास पुन्हा कामावर घेण्यात यावे." काय पण शब्द! त्रुटी आढळली म्हणे, जशी काही ती रस्त्यावर पडलेली सापडली. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण सही केली. पत्र मावशींच्या घरी गेलं. आठवडा झाला, मावशी आल्या नाहीत.

आमच्या ह्यांना मी तोवर सगळं सांगितलं होतं. ते नेहमी माझ्यापुढे नमतं घेतात, त्या दिवशी नाही घेतलं. "पत्र धाडून कुणी माफी मागतं का? पाय आहेत ना तुला?"

"गुडघा दुखतो."

"दुखू दे," ते म्हणाले.

पुढे सभेतही मी सगळ्यांसमोर उभी राहून बोलले, ट्यूब, खिसा, अंगठा, टाळ्या, सगळं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण ते नंतरचं, आणि ते सोपं होतं, कारण तोवर मी त्या घरी जाऊन आले होते.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या, उभा लोखंडी जिना. दार लेकीने उघडलं. तिच्या खांद्यावर इवलंसं बाळ होतं. मला ओळखून ती बाजूला झाली, या म्हणाली नाही. आत मावशी खिडकीपाशी बाळाचे कपडे घड्या घालत बसल्या होत्या. हातात रबरी मोजे, वॉर्डात घालायच्या तसले, कोपरापर्यंतचे.

"बघा," लेक म्हणाली. "पाच आठवड्यांचं झालं हे. आजीने एकदा घेतलेलं नाही. मी अंघोळीला जाते तर शेजारणीला बोलावते. घरात मोज्यांशिवाय कशाला हात लावत नाही. सांगून सांगून थकले."

"असू दे गं," मावशी म्हणाल्या. "लहान जीव आहे. बसा सिस्टर. पत्र आलं तुमचं. तुम्ही मोठ्या मनाने बोलावलंत, पण नको. तांत्रिक का काय म्हणता ते मला कळलं नाही, पण मशीन खोटं कशाला बोलेल?"

मी बसले नाही. म्हणाले, "मावशी, ती बोटं माझी होती."

"काय?"

"कठड्यावरची. बेलवरची, बटणावरची. चार बोटं आणि अंगठा. ट्यूब फुटली होती, माझ्या हाताला लागलेलं होतं. मी हात धुवत नव्हते. तुम्ही पुसून जायच्या आणि मी मागून लावायची. सगळे दिवस. तुमचं काहीही राहिलेलं नव्हतं."

लेकीचा श्वास मला ऐकू आला. मोजा लावलेल्या बोटांनी मावशींनी मांडीवरचं झबलं हळूहळू सरळ केलं.

"आणि सुतारकाका?"

"ते त्यांच्या जखमेतल्याच जंतूने गेले. दाखल झाले तेव्हापासून तो जखमेत होता. लॅबने पलंगाचे नमुनेही घेतले होते. कठड्याचे, टेबलाचे. त्यात काहीच उगवलं नाही. पलंग स्वच्छ होता, मावशी."

"असं लिहून दिलं लॅबने?"

"हो."

"कधी?"

हे मी वर सांगितलं नाही. वर सगळं सांगितलं आणि हे गाळलं, लाजेने. लॅबचा कागद माझ्याकडे आला होता. मी तो वाचला होता. लॅब एका चौकोनी इंचाचा नमुना घेते, माझा टॉर्च अख्खी खोली बघतो, असं म्हणून मी तो फायलीत खुपसला होता. आता "नंतर कळलं" म्हणाले असते तर त्यांना कळणार नव्हतं. ते शब्द ओठांवर आलेही होते.

"सभेच्या आदल्या दिवशी," मी म्हणाले.

"म्हणजे मला तिथे उभं केलंत तेव्हा..."

"तेव्हा तो कागद माझ्या फायलीत होता. फाइल माझ्या काखेत होती."

लेक काहीतरी बोलणार होती. मावशींनी मान हलवून तिला थांबवलं. एक मोजा काढला, मग दुसरा. आतले हात पांढरे पडले होते, सुरकुतलेले. त्या उठून मोरीत गेल्या. नळाचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. लेक रडत होती आणि मी तिच्यासमोर उभी होते, मला कुणी जा म्हणत नव्हतं आणि जाता येत नव्हतं.

मावशी बाहेर आल्या. हात कोरडे करून त्यांनी ते एकदा उलटेसुलटे करून बघितले.

"दे त्याला," त्या म्हणाल्या.

बाळ त्यांच्या हातात आलं तेव्हा त्यांनी ते छातीशी नाही धरलं. समोर धरून नुसतं बघत राहिल्या, पाच आठवड्यांचं बघायचं राहिलेलं सगळं. बाळाने जांभई दिली आणि पाय झाडले, दुपटं सुटून खाली लोंबलं. मी जवळ उभी होते. काही विचार न करता, ते वर सारायला मी हात पुढे केला.

मावशींनी बाळ दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि माझ्याकडे पाठ केली.